जपानी शाळेतली शेवटची ओळ

पनवेलबाहेर जपानी पद्धतीची भातशेती शिकवणारी एक शाळा होती. शिकवायला खरोखरच एक जपानी मास्तर असल्यामुळे लोक तिला जपानी शाळाच म्हणत. मी तिथला कोठीवाला. शिक्षण चौथीपर्यंत, पण खतापासून दोरीपर्यंत सगळं घासाघीस करून आणायचो. तोंडानं फटकळ, अजूनही आहे.

सत्तावन्न सालच्या पावसाळ्यात फ्लू आला आणि ऐन लावणीच्या तोंडावर सगळे विद्यार्थी अंथरुणाला खिळले. आमचे मुख्य साहेब खोलीत पांघरूण घेऊन काढ्याचे हुकूम सोडत होते. इकडे रोपं वाढून चालली होती. चार दिवसांत लावली नाहीत, तर ज्या पिकावर शाळा चालू ठेवायची की नाही हे ठरणार होतं, ते पीकच हातचं जाणार होतं.

मी शेजारच्या गावातल्या बायकांकडे गेलो. लावणीत त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्यांच्या म्होरक्या काकूंनी मला दारातच उभं केलं.

"तुमचा जपानी तोंडाला फडका बांधून फिरतो. आमचा वास येतो त्याला? आमी नाय येनार."

खरं तर मलाही तेच वाटलं होतं. आदल्याच दिवशी मी मास्तरांवर खेकसलो होतो, "मी काय उकिरडा आहे?" त्यांनी खोकत खोकत माझा हात स्वतःच्या कपाळावर ठेवला होता. कपाळ तव्यासारखं तापलेलं. तेव्हा कळलं, त्यांच्या देशात आजारी माणूसच फडकं बांधतो, आपला आजार दुसऱ्याला लागू नये म्हणून.

हे काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंग आमच्यात बसून आमच्या हातचं खाऊन दाखव म्हनावं."

"ताप आहे त्यांना, काकू. पलीकडच्या बांधावर बसतील."

"अलीकडच्या."

"मधल्या. आणि लावणी दोरी धरून, सरळ ओळीत."

"दोरी कशाला? आमाला डोले नायत?"

"दोरी मी धरतो. चुकली तर शिव्या मला."

काकू खुदकन हसल्या. "ह्यो सौदा बरा हाय."

मास्तरांनी मधल्या बांधावर तोंड वळवून तांदळाची भाकरी आणि सुका जवळा खाल्ला, पान रिकामं झालेलं दाखवलं आणि कमरेत वाकून नमस्कार केला. बायकाही हसत हसत चिखलात वाकल्या. तिसऱ्या दिवशी शेवटची ओळ उरली, तेव्हा काकूंनी दोरी माझ्या हातातून काढून घेतली. "आता तू लाव, शेठ." मी लावली.

कापणीच्या वेळी मुंबईहून मोठे साहेब आले. भात पाहून खूश झाले, शाळा राहिली. आमचे साहेब छाती काढून म्हणाले, "सगळी लावणी आमच्या विद्यार्थ्यांची!"

मी उसळून तोंड उघडणार, तोच पाहुण्यांनी बोट दाखवलं. "आणि ही वाकडी ओळ?"

"ती आमच्या कोठीवाल्याची," साहेब ताबडतोब म्हणाले.

अख्ख्या शेतात माझं नाव निघालं ते तेवढंच. विळा हातात घेतलेल्या काकू तोंडाला पदर लावून हसत होत्या. साहेबांना मी अजून माफ केलेलं नाही. पण लोंब्या त्या ओळीतही भरगच्च होत्या.