घासाघीस न करणारं गिऱ्हाईक

परदेशात पहिल्यांदा गेले ती जर्मनीला, पिशव्या घेऊन. आई बोहारीण. डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन शनिवार पेठेत दारोदार फिरायची, जुन्या साड्या घ्यायची, बदल्यात स्टीलचं भांडं द्यायची. मी त्याच साड्यांच्या पिशव्या शिवायला लागले आणि विश्रांतवाडीत शिलाईची मशिनं टाकली. शेजारचा मुलगा माझ्या हातचं जेवून मोठा झालेला. आयटीत लागून तिकडे गेला होता. त्यानेच प्रदर्शनात स्टॉल मिळवून दिला, दुभाषाही तोच.

प्रदर्शन शाश्वत विकासाचं. वस्तू टाकू नका, पुन्हा वापरा, हे ऐकायला तिथे लोक तिकीट काढून बसले होते. आमच्याकडे बायका एका पातेल्यापायी जुन्या साड्यांवरून तासभर हुज्जत घालतात, त्यांना कुणी व्याख्यानाला बोलावत नाही.

स्टॉलमागे माझा मोठा फोटो होता. फोटो काढताना हा शेजारचा मुलगाच म्हणाला होता, "मावशी, घरात नेसता ती जुनीच साडी राहू द्या." मी ऐकलं होतं.

एका दुकानदार बाईने पिशवी उचलली. त्याच्याशी बोलली आणि तिने माझा हात दोन्ही हातांत धरला. डोळ्यांत पाणी. मी कॅल्क्युलेटरवर भाव दाखवला. तिने मान डोलावली. पहिल्याच भावाला हो म्हणणारं गिऱ्हाईक मी जन्मात पाहिलं नव्हतं. मी आकडा दुप्पट केला. तिने तशीच मान डोलावली.

"काय सांगितलंस रे हिला?"

"काही नाही, मावशी. थोडं सजवून सांगावं लागतं."

"काय सजवलंस?"

"तुम्ही निराधार आहात, साड्या लोक दान देतात, असं. इथे अशाच गोष्टी चालतात."

"दान? एकेका साडीसाठी घसा फोडलाय आम्ही मायलेकींनी."

"अहो, पण ऑर्डर केवढी आहे ते तरी बघा."

मी बाईच्या हातून पिशवी काढून घेतली. तिला वाटलं असेल, भाव परवडत नाही मला. तिने स्वतःच आकडा वाढवला. मग मात्र मी कॅल्क्युलेटर बंद केला आणि स्टुलावर चढून फोटो उतरवला.

सुट्टीला आला की अजून "मावशी" म्हणत दारात येतो. मी त्याला काय हवंय ते विचारते, गिऱ्हाइकाला विचारतात तसं.