बॉम्ब पडल्यावरही नळावर मीच

मंडळाच्या बायांनो, आज फळ्यावर मी लिहितेय. चुकलं तर सुधारून वाचा.

दुपारी चुन्याची बादली घेऊन नाल्याजवळच्या भंगार ट्रककडे गेले. ओझरला कारखान्यात रंगकाम करणारा आपला सुधाकर त्या ट्रकवर अणुबॉम्ब पडल्यानंतरचं नाशिक काढत होता. काळं आभाळ, जळक्या गाड्या, नुसती राख. असलं अभद्र पोरांनी का बघायचं? त्यावर चुना फासायलाच गेले होते मी.

"काकू, आधी नीट बघा तरी!" तो ओरडला.

राखेत एक नळ होता. हंडे घेऊन माणसं उभी, आणि पुढं कमरेवर हात ठेवून ओरडणारी बाई. मीच की!

"मेल्या, मला कशाला काढलंस?"

"बॉम्ब पडला तरी पाणी लागणारच ना, काकू. तुमच्याशिवाय रांग कोण लावणार?"

रोज रांग लावते म्हणून काल तुम्ही मला भांडकुदळ म्हणालात. नळावर परत पाय ठेवायचा नाही, असं ठरवलं होतं. उद्या येणार आहे, ते सुधाकरचे उपकार.

पण खरं सांगा, माझ्याबद्दल एक बरा शब्द निघायला बॉम्बच पडावा लागतो काय?