न पडणारे पायदळ

हे दयाघना, ज्या घरात गेलेल्या माणसाचा आवाज अजून फिरतो आहे, त्या घराच्या उंबऱ्यावर आधी तू उभा राहा. मग मी त्या घरच्या सुनेची कथा सांगेन.

ही सून संगणकावरच्या युद्धखेळातले बळ तोलणारी. कोणत्या शिपायाला किती जोर द्यायचा, ते तिने ठरवायचे. त्याच कंपनीत तिचा नवरा आवाज मुद्रित करी. पायदळाच्या साऱ्या आरोळ्या त्याने हौसेने स्वतःच दिल्या होत्या. शिपाई पडताना "आई गं!" म्हणे, तोही तोच. मग रस्त्यात अपघात झाला. माणूस गेला, आवाज राहिला.

तेव्हापासून खेळातले टेकडीवरचे पायदळ कुणाला हटवता येईना. उंचीचे बळ, निशाणाचे, खंदकाचे, अनुभवाचे आणि सेनापती जवळ असल्याचे. एकेकाने ताकद निम्म्याने वाढे. पाचांची बेरीज केली, तर शिपाई साडेतीनपट होतो. हिने गुणाकार लावला, आणि तो साडेसातपटीच्याही वर गेला! बाण बोथट, घोडदळ गारद. खेळणारे वैतागले.

फोनवर साहेब म्हणाले, "बाई, हे शिपाई की अमरपट्टा बांधलेले जावई? आज दुरुस्ती पाठवाच."

हिशेब चुकला नव्हता. तो आवाज पुन्हा मरू नये, म्हणून तिने तो जाणून मांडला होता.

दुपारी घरीच बसून तिने गुणाकार पुसला, बेरीज मांडली, लढाई सुरू केली. एक शिपाई पडला. "आई गं!" दुसरा पडला. तोच गळा, तीच कळ. जणू भिंतीभिंतीतून तो हाक मारीत होता. तिने कान झाकले.

मग उरलेले शिपाई माघारी वळले. अजिंक्य असताना त्यांच्यावर ती वेळच आली नव्हती. तोच आवाज आता हसत म्हणाला, "चला रे, पुरे झालं! घरी चला!"

दारात सासूबाई उभ्या. "कोण गं? तो बोलला?"

"हो आई. माघार घेतोय."

"घेऊ दे. एरवी मेला कुणाचं ऐकायचा नाही." त्या तिच्याशेजारी टेकल्या. "पुन्हा लाव."

"पण त्याआधी काहीजण पडतात, आई. ते ऐकवणार नाही तुम्हाला."

"मलाच हाक मारतो ना तो? लाव. मी आहे इथे."

सुनेने लावले. दोघींनी सगळे ऐकले. मग तिने दुरुस्ती पाठवून दिली.

भगवंता, त्या सुनेच्या हाताला धीर दे, त्या माउलीच्या कानाला विसावा दे, आणि त्या घरातले बोलणे कधी आटू देऊ नकोस.