दिलीपवरचा आळ

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आईला अर्धं माहीत होतं, आणि ती आता नाही. तुम्हाला तरी शेवटपर्यंत सांगेन का — बघू. सुरुवात करते.

दोन हजार सालाच्या आसपास मी नाशकात एका छोट्या संस्थेत होते. गर्द ओढणाऱ्या, सुईनं नशा घेणाऱ्या लोकांच्या तब्येतीचा आमचा अभ्यास चालला होता. दवाखान्यात त्यांना कसं वागवतात, ते उपचार मध्येच का सोडतात, असं. हा अभ्यास त्यांच्यावर नाही, त्यांच्यासोबत करायचा — हे वाक्य माझं. बैठकांमध्ये मी ते फार आवडीनं म्हणायचे.

दिलीप आमचा सोबती. सातपूरच्या एका कारखान्यात लेथवर होता, नशेपायी नोकरी गेली. अजून पुरता सुटलेला नव्हता आणि ते लपवतही नव्हता. प्रश्न आम्ही त्याच्यासोबत बसून ठरवले. मुलाखती तोच घ्यायचा, कारण आमच्याशी कुणी धड बोलायचं नाही. मला ताई म्हणायचा. ऑफिसच्या कपाटाची दुसरी किल्ली त्याच्याकडे असावी, हा हट्टही माझाच. सोबती म्हणायचं आणि किल्ली द्यायची नाही — असं कसं चालेल?

त्या पावसाळ्यात एक दिवस कपाटातला टेपरेकॉर्डर नाहीसा झाला. तो कपाटात नाही, हे आम्हाला सांगितलं तेही दिलीपनंच. मुलाखतीला निघताना त्यानं कपाट उघडलं होतं.

"ताई, मागं तुम्ही घरी नेला होता ना?" त्यानं विचारलं.

"मी परत आणून ठेवला," मी म्हणाले. मला तसंच वाटत होतं. शपथेवर सांगितलं असतं.

ऑफिसातले बाकीचे जमले. ते दिलीपकडे पाहत नव्हते — माझ्याकडे पाहत होते. त्याला आणणारी मी, ओळखणारी मी. थांबा, आधी नीट शोधू, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी काय केलं? मी त्याच्या हाताकडे पाहिलं. कोपराच्या आतल्या बाजूला, जिथं खुणा होत्या तिथं. क्षणभरच. पण त्यानं ते पाहिलं, आणि सदऱ्याची दुमडलेली बाही खाली ओढली.

संस्था चालवणाऱ्या सरांनी त्याच्याकडून किल्ली घेतली. पोलिसांत देत नाही हेच खूप समज, म्हणाले.

पुढच्या सुट्टीत मी इगतपुरीला माहेरी गेले. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये पावसाळाभर भिंती ओल्या. आईनं ट्रंकेतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं काहीतरी काढलं. "हे तुझं मागच्या खेपेला राहिलं. ओल लागेल म्हणून उचलून ठेवलं."

टेपरेकॉर्डर. मुलाखती उतरवून काढायला मीच नेला होता. तापानं तिथंच आडवी झाले, तशीच नाशिकला परतले. मी बटण दाबलं. आत दिलीपचा आवाज होता, समोरच्या कुणाला तरी सांगत होता — "आधी चहा घे, मग बोलू. घाई नाय."

आता तुम्ही म्हणाल, विसरणं हा काही गुन्हा नाही. नाहीच. पण मी तो तिथंच ठेवला. ट्रंकेत, होता तसा. "ऑफिसात शोधत होते का गं?" आईनं विचारलं. मी नाही म्हणाले.

कशाला भ्याले? नोकरी गेली नसती. चारचौघांत चूक माझी म्हणायची लाज वाटली, बस. आणि खाली आणखी एक विचार होता — तो लिहायलाही हात अडतो — की त्याचं नाव तसंही खराबच आहे, अजून थोडं झालं तर काय बिघडतं?

काही आठवड्यांनी तो ऑफिसच्या जिन्याखाली उभा दिसला. काम मागायला नव्हता आला.

"ताई, टेप सापडला का?"

"नाही."

"घरी कुणी ऐकत नाय माझं. सापडला तर आईला तेवढं सांगा."

हो म्हणाले. जिना चढून वर गेले. दुपारचा डबाही खाल्ला.

त्याच्यामागून बाकीचे लोकही यायचे थांबले. अभ्यास कसाबसा पुरा केला. अहवालात माझं ते वाक्य पहिल्याच पानावर होतं, आणि लोकांनी त्याचं कौतुक केलं. मी ते ऐकून घेतलं.

बऱ्याच वर्षांनी भाचीच्या लग्नाची पैठणी घ्यायला येवल्याला गेले. एका विणकराच्या घरी मागावर बसलेल्या बाईनं मला ओळखलं. दिलीपची बहीण. पूर्वी कधीतरी त्याच्यासोबत ऑफिसात येऊन गेली होती. तिनंच सांगितलं, दिलीप गेला म्हणून. यकृत खराब झालं होतं. दवाखान्यात जायला शेवटपर्यंत तयार नव्हता.

"मरेपर्यंत म्हणायचा, मी नाय घेतला," ती म्हणाली. "आम्ही कुणी खरं नाय मानलं. नशेतल्या माणसाचं काय खरं धरायचं?" मग ती मागावरून उठली, हात जोडले. "तुम्ही लय जीव लावला होता त्याला. त्यानं तुमची वस्तू नेली, त्याची मी माफी मागते, ताई."

खोलीत आम्ही दोघीच होतो. एका वाक्याचं काम होतं.

मी तिचे जोडलेले हात हातात घेतले आणि म्हणाले, "असू द्या. मी केव्हाच माफ केलंय त्याला."