चौदा वेळा मेलेली लीलामावशी

लीलामावशीने मला विरारमध्ये उभं केलं, हे आधी लिहिते. मनवेलपाड्याच्या चाळीत टँकर आला की हंडा कुठे लावायचा, रेशनकार्डाचा अर्ज कोण भरून देतं, दाराबाहेर चप्पल का ठेवायची नाही, हे सगळं तिने शिकवलं. माझं पहिलं काम तिने स्वतःचा शब्द टाकून मिळवून दिलं. आणि एकदा माझ्यावर येणारा आळ तिने आपल्या अंगावर घेतला, तो शेवटपर्यंत उतरू दिला नाही. एवढं सांगितल्याशिवाय ती गेली कशी, ते मला सांगता येणार नाही.

गेल्या महिन्यात सकाळी डबे भरत होते, तेव्हा चाळीच्या मालकांचा फोन आला. "लीलाबाई गेल्या. दोन दिवस दार उघडलं नव्हतं. तुम्ही येताय ना? कारण बाकी कोणी… म्हणजे कोणी येत नाहीये." आम्ही दोघं गेलो. खांदा द्यायला तीन माणसं जमली होती, चौथा माझा नवरा. गॅलरीत नवीन आलेली एक बाई शेजारणीला हळूच म्हणाली, "पिक्चरमधली चेटकीण ना ही?" मावशीला आंघोळ घालताना हे मला ऐकू आलं. मी मान वर केली नाही. मान वर करायचा हक्क मला आहे का, हे तेव्हा कळेना.

मी उदगीरकडची. आई वारली तशी सातवीतून शाळा सुटली, आणि एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन एकदम इथे. नवरा टेम्पोवर, गुजरातला गेला की आठ-आठ दिवस नाही. कोणी दार वाजवलं तरी मला घाम फुटायचा. समोरच्या खोलीत मावशी एकटी. ती मूळची चांदीपची, शेतकऱ्याच्या घरातली. लहानपणी भात कापताना डोळ्यात पातं लागून उजव्या डोळ्यात फूल पडलेलं, पांढरंधोप. नवऱ्याने टाकल्यावर ती शूटिंगच्या लोकांना जेवण करून द्यायला जायची. त्या काळात वसईकडचे जुने बंगले भुतांच्या पिक्चरांसाठी भाड्याने घेत. एका दिवशी पत्ते वाचून भविष्य सांगणाऱ्या बाईचं काम करणारी नटी आलीच नाही. डायरेक्टरचं लक्ष वाढपात उभ्या असलेल्या मावशीकडे गेलं. "त्याला मी नाय आवडली, माझा डोला आवडला," मावशी सांगायची. "म्हनला, मेकअपचा खर्च वाचला."

तेव्हापासून ती पत्तेवाली झाली. काळं लुगडं, कवड्यांच्या माळा, पुढ्यात भविष्य सांगायचे परदेशी टॅरो पत्ते आणि बाजूला आपलं लिंबू, कुंकू, प्लास्टरची कवटी. कुठल्या देशाची विद्या नि कुठलं लिंबू! पण पडद्यावर ते सगळं एकच. कॅमेरा तिच्या फूल पडलेल्या डोळ्यात शिरायचा, पडदे हलायचे, कुत्रं रडायचं. "पंखा चारवर केला की आत्मा येतो," ती म्हणायची. मी विचारलं होतं, तुला कधी चांगलं पान का येत नाही? "अगं उदगीरवाले, चांगला पान आला तर हिरॉइन घरी जाऊन झोपल. मग फुडं दोन तास काय दाखवायचा?" आणि पत्तेवाली कधी शेवटपर्यंत जगतही नाही. एक तर भूत तिला पहिलं धरतं, नाहीतर करणी तिचीच निघते आणि गाव तिला जाळतं. हसायचो आम्ही. पण केबलवर तिचा पिक्चर लागला की मी मात्र पाय पोटाशी घेऊन बघायचे. ती पान उलटते, घोड्यावर बसलेला सापळा निघतो, म्हणजे मरण, आणि दिवस मावळायच्या आत बंगल्याच्या मालकाचा मुलगा विहिरीत. मावशी माझ्या शेजारी बसून शेंगा सोलत असायची, तरी मला पडद्यावरचीच खरी वाटायची.

वैशालीवहिनी आमच्याच मजल्यावर. मुंबईत नोकरी, तीन वर्षांचा ओंकार. "पोरगी भित्री हाय, पन हात मायेचा हाय. बिनघोर ठेवा," असं मावशीने त्यांना सांगितलं, आणि ओंकार दिवसभर माझ्याकडे राहू लागला. एका दुपारी मी त्याला घेऊन मावशीच्या खोलीत बसले होते. मावशी बाहेर तांदूळ धूत होती. शूटिंगची पिशवी उघडी होती. ओंकारने हात घालून एक पान ओढलं आणि मला दाखवलं. सापळा… काळा, घोड्यावर. मी ते हिसकावून परत कोंबलं. मावशी आत आली, म्हणाली, "पोराच्या हाती देऊ नको गो, रंग उतरतं." एवढंच.

आठ दिवसांनी ओंकारला ताप आला. उलट्या, मग झटके. डॉक्टरांनी जमेल ते केलं. चौथ्या दिवशी ओंकार गेला.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी टँकरच्या रांगेत एका बाईने मला विचारलं, "दिवसभर तुझ्याकडेच असायचं ना लेकरू? काय खायला घातलंस गं?" सगळे हंडे थांबले. ताप यायच्या आदल्या दिवशी मी त्याला बर्फाचा गोळा दिला होता. बायका माझ्याकडे बघत होत्या, नवरा वापीला होता, माहेर एक रात्र एक दिवसाच्या अंतरावर… आणि माझ्या तोंडून निघालं, "मी काही नाही केलं. मावशीच्या खोलीत त्याने पान ओढलं होतं. मरणाचं."

एका वाक्याने काय होतं ते मी तेव्हा पाहिलं. कोणी भांडलं नाही, कोणी शिवी दिली नाही. कामाला जाणाऱ्या बायका आपल्या खोल्यांच्या किल्ल्या मावशीकडे ठेवायच्या. त्या एकेक करून परत गेल्या. "भाऊ येणारेत, दुसरीकडे ठेवते," असं म्हणत. आठवड्यात तिच्या भिंतीवरचे खिळे उघडे पडले. रांगेत तिचा हंडा आला की पुढची-मागची हात-हातभर सरकायची. वैशालीवहिनींनी तर तिच्या दारावरून जाणंच सोडलं, लांबच्या जिन्याने उतरायच्या. ओंकारचे कपडे मी त्यांना नेऊन दिले तेव्हा त्यांनी मला जवळ घेतलं. "तुझा काय दोष," म्हणाल्या.

मला राहवलं नाही तेव्हा मी मावशीकडे गेले. रडत सांगितलं की बोलले ती मीच. ती स्टोव्हला पंप मारत होती, मारतच राहिली. मग पिशवी काढली आणि पत्ते माझ्या मांडीवर ओतले. "बघ." मी एक उलटलं, सापळा. दुसरं, सापळा. तिसरं, दहावं, शेवटचं… सगळ्यांवर तोच. "पेंटरकडनं एकाच पानाच्या तीस कॉप्या काढल्या. हिरॉइननं कुठला बी उचलला तरी तोच निघाला पायजे. खरा जोड मी एकदा बघितलाय. त्यात सूर्य हाय, चांदन्या हायत, सिंहाला थोपटनारी बाई हाय. डायरेक्टरनं ती सगली डब्यात ठेवली. म्हनला, याच्यानं कोन घाबरतं?"

मला एकदम श्वास आला. म्हटलं, मावशी, चल, आत्ताच सगळ्यांना दाखवू. वहिनींना दाखवू.

तिने पत्ते गोळा केले. "नको. आळ माझ्यावरनं उठला की तुझ्यावर बसल. त्या बाईचा पोर गेलाय, तिला कोन तरी पायजे. तू नवीन, नवरा घरात नाय, उद्या तुला गावाला धाडतील आनि म्हनतील पोर मारून आली. माझा काय? मला सवय हाय. चौदा पिच्चरात मेले."

"पण हे पिक्चर नाही ना, मावशी…"

"म्हनून तर तुला सांगते," ती म्हणाली, आणि चहात साखर टाकायला वळली.

आणि मी ऐकलं. हे लिहायला मला सोपं जात नाही. तिने सांगितलं म्हणून ऐकलं असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे मला तेच हवं होतं. पुढे मला दोन मुली झाल्या, आम्ही बिल्डिंगमध्ये राहायला गेलो, मी पोळ्यांची कामं धरली, आता डबे करते. वहिनींचा फ्लॅट उमेळ्याला झाला. भुतांचे पिक्चर बनायचे थांबले, मावशीचं काम सुटलं. पण जुने पिक्चर दुपारी टीव्हीवर लागतच राहिले, आणि चाळीत आलेल्या प्रत्येक नव्या पोराला ती आधी तिथे दिसली, मग दारात. मी सणाला डबा घेऊन जायचे. ती माझ्या मुलींना घेऊन ये असं कधी म्हणाली नाही. मीही नेलं नाही.

तिची खोली रिकामी करायला मीच गेले. सामान थोडंच निघालं. गॅलरीकडच्या खिडकीच्या खालच्या काचांना तिने वर्तमानपत्र चिकटवलं होतं, पिवळं पडलेलं, थरावर थर. मालक म्हणाले, "बायकांची तक्रार होती, पोरं घाबरतात म्हणून. लीलाबाईंनी स्वतःच लावलं." खाली, खाटेवर पडलेल्या माणसाच्या डोळ्याला येईल अशा उंचीवर, कागदाला एक बोटभर भोक होतं. मी खाटेवर आडवी होऊन त्यातून पाहिलं. बाहेर गॅलरीत पोरं लगोरी खेळत होती. त्यांचे फक्त पाय दिसत होते. इतकी वर्षं तिने पोरांचे पाय बघितले.

वैशालीवहिनी रविवारची पुरवणी वाचतात, मला माहीत आहे. पण हे छापून आलं की माझं काम झालं, असं मी धरणार नाही. कागदावर सांगणं म्हणजे अजून लांबच्याच जिन्याने उतरणं. अजून उमेळ्याच्या त्या बिल्डिंगखाली दोनदा जाऊन मी परत फिरले आहे. पण मावशी, मी वर जाईन. त्यांच्या समोर बसून, रांगेत कोण बोललं आणि का बोललं, ते माझ्या तोंडाने सांगीन. तुझं एवढं देणं मी मरायच्या आधी फेडीन.