पाच फूट नऊ इंचांची सायकल

नवऱ्याला चांगली सायकल भेट द्यावी असे माझ्या मनात आले, त्यामागचा हेतू पूर्णपणे निर्मळ होता असे मी म्हणणार नाही. खोपोलीच्या एका कारखान्यातून हे निवृत्त झाले आणि त्यानंतर दोनच महिन्यांनी मीही शाळेतून निवृत्त झाले. कर्जतमधल्या आमच्या तीन खोल्यांत दोन रिकामी माणसे दिवसभर एकमेकांना चुकवत वावरू लागली. ह्यांनी माझे डाळींचे डबे उंचीच्या क्रमाने लावले. तीस वर्षे गणित शिकवल्यामुळे त्या मांडणीला नावे ठेवणे मला जड गेले. पण मसूर सापडेनाशी झाली, हेही खरे.

त्यातून सुटका केली ती सायकलीने. गावातले सात-आठजण दर रविवारी सकाळी पळसदरीमार्गे खोपोलीला, कधी त्याही पुढे खालापूरपर्यंत सायकलीने जाऊन येत. त्यांत एक दातांचे डॉक्टर होते, नेरळला नव्याने राहायला आलेले दोन इंजिनिअर होते. हे आपली कारखान्याच्या काळातली काळी सायकल घेऊन त्यांच्यात जाऊ लागले. परत येत तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जी टवटवी असे, ती लग्नानंतर मी फार थोड्या प्रसंगी पाहिली होती, आणि त्यांतल्या कोणत्याही प्रसंगाचे श्रेय माझे नव्हते. मात्र ती सायकल अतिशय वजनदार. चढ लागला की हे मागे पडत आणि पुढची मंडळी चढावरच्या फाट्यावर उभी राहून ह्यांची वाट पाहत. दिवाळीनंतरच्या एका रविवारी हे उठलेच नाहीत.

"अगं, माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होतो," एवढेच म्हणाले आणि डब्यांकडे वळले.

ह्यांना पुन्हा त्या गटात धाडायचे, आणि तेही कुणाला ह्यांच्यासाठी थांबावे लागणार नाही अशा सायकलीवर, असे मी त्याच दिवशी ठरवले.

कोणतीही गोष्ट वाचून शिकता येते, या माझ्या समजुतीने आयुष्यभर मला अनेकदा तोंडघशी पाडले आहे. तरी ती सुटत नाही. मी दोनशे पानी वही घेतली. सांगाड्याचा धातू, चाकांची रुंदी, गिअरची संख्या, ब्रेकचा प्रकार असे रकाने आखले, प्रत्येकाला गुण ठरवले आणि भारित सरासरी काढली. महिनाभरात मी सायकलविषयी इतके जाणू लागले की शर्यतीच्या सायकलचा नुसता फोटो पाहून तिचे वजन अदमासे सांगू शकले असते. सायकल चालवायला मी कधीच शिकलेले नाही, ही बाब मला त्या काळात गौण वाटत होती.

खोपोलीत जुन्या महामार्गालगत अशा सायकलींचे एक दुकान आहे. मालक पस्तिशीचा, स्वतः शर्यतीत उतरणारा आणि खणखणीत आवाजाचा. साठ मुलांच्या वर्गापुढे मी कधी अडखळले नाही. पण एकट्या अनोळखी माणसाने मोठ्याने "बोला" म्हटले की माझे बोलणेच संपते. पहिल्या खेपेला मी एस.टी.ने तिथे गेले, दहा मिनिटे सायकलींकडे पाहिले आणि एक घंटी विकत घेऊन परतले. दुसऱ्या खेपेला हवा भरायचा पंप घेतला. तिसऱ्या खेपेला मी पाण्याच्या बाटलीकडे हात नेला, तेव्हा मालक गल्ल्यामागून उठून आला.

"काकू, अशी एकेक वस्तू नेऊन सायकल कधी पुरी व्हायची?"

तेव्हा कुठे मी वही काढली. त्याने सगळी पाने शांतपणे चाळली आणि विचारले, "शाळेत होता का?" मी होय म्हटले. "वाटलंच," तो म्हणाला. "सायकल तुम्ही बरोबर काढलीय. आता माप सांगा. काका केवढे आहेत?"

"साठ पूर्ण झाली."

"वय नाय हो काकू, उंची. आणि पायाची आतल्या बाजूनं लांबी. जांघेपासून टाचेपर्यंत."

हा दुसरा प्रश्न येणार हे मला वाचनातून ठाऊक होते, आणि त्याचे उत्तर परक्या माणसाला देणे आपल्याला जमणार नाही हेही. ते माप मी घेतलेच नव्हते. हे झोपेत असताना टेप लावण्याचा विचार एकदा मनात आला होता. पण मध्येच जागे झाले तर काय सांगणार? म्हणून मी पहिल्या प्रश्नाचेच उत्तर दुप्पट ठामपणे दिले.

"पाच फूट नऊ इंच."

"नक्की ना? एकदा काकांनाच घेऊन या की. सायकल म्हणजे सदरा नाय, मागून आखूड करायला."

"अचानक द्यायची आहे," मी म्हणाले. "आणि उंची नक्की आहे."

ती नक्की असण्याचा आधार मला तोंडपाठ होता. तेहतीस वर्षांपूर्वी ह्यांचे स्थळ आले तेव्हा माझ्या वडिलांच्या हाती जो टाइप केलेला कागद पडला, त्यावर नाव, गोत्र, शिक्षण, नोकरी यांच्याखाली स्वच्छ लिहिले होते : उंची ५ फूट ९ इंच. भूमितीत प्रमेयाच्या आरंभी 'पक्ष' लिहितात, म्हणजे जे दिलेले आहे, ज्याला सिद्धता लागत नाही, ते. हजारो मुलांना मी ते घोकायला लावले. त्या कागदाला मी पक्ष मानले. वास्तविक ह्यांच्या प्रत्येक तयार पँटची खालची पट्टी मीच कापून शिवत आले आहे, आणि तयार पँट सगळ्यांनाच लांब होतात असे इतकी वर्षे समजत आले आहे. स्वतः पाच फुटांच्या आत असले की वरची सगळी माणसे सारखीच उंच दिसतात, एवढाच बचाव माझ्यापाशी आहे.

सायकल टेंपोतून घरी आली. मी हळदकुंकू वाहिले, नारळ फोडला, वळणदार हँडलला झेंडूचा हार घातला. हे बराच वेळ सायकलीशेजारी उभे राहिले. बसायची जागा अगदी खाली घेऊनही त्यांच्या कमरेच्या वर येत होती.

"छान आहे," ते म्हणाले. मग हार सरळ करत, "उंची आहे तिला."

मी ते कौतुक समजले.

पहिल्या दिवशी ते ओट्याच्या पायरीवरून सायकलीवर बसले. मला त्यात एक डौल वाटला, घोड्यावर बसावे तसा. गटात जाण्याआधी थोडा सराव करतो, कडावच्या रस्त्याला रहदारी कमी असते, असे त्यांनी सांगितले. पुढे तीन आठवडे ते रोज सकाळी जात आणि नऊच्या सुमारास घामाघूम होऊन परतत. मी समाधानाने वहीच्या शेवटच्या पानावर 'इति सिद्धम्' असे लिहून टाकले. हे मी कुणाला सांगितले नव्हते. आज लिहून बसले आहे.

कडावहून आमच्याकडे दूध घालणारी बाई पंधरा वर्षांच्या ओळखीची. एका सकाळी पातेल्यात दूध ओतता ओतता तिने मान वर केली.

"बाई, एक इचारू? रागावायचं नाय."

"विचार गं."

"तुमचं सायेब सायकल चालवतच नाय. सायकललाच फिरवाया आणतात. नाक्यावर चा पितात नि परत हाताला धरून माघारी. मी आमच्या घरधन्याला म्हटलं, नवस हाय का काय त्यांचा?"

मी दुधाचे पातेले घेऊन आत गेले. त्या दिवशी हे परतले तेव्हा मी दारातच उभी होते.

"अहो, तुमची उंची किती?"

त्यांनी हेल्मेट काढले, आत-बाहेर पाहिले आणि खुंटीला अडकवले. "कशाला?"

"सांगा तर."

"पाच फूट सहा असेल. पाव इंच कमी."

"कागदावर पाच नऊ होती."

"कुठल्या कागदावर?" आणि मग त्यांच्या लक्षात आले. ते पायरीवर बसले. "तो माझ्या मामांनी टाइप करून घेतला होता. तुमच्याकडची माणसं पाच आठच्या खाली बघत नाहीत, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं."

"मला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं."

"मलाही नव्हतं. मी तो कागद साखरपुड्यानंतर पाहिला. म्हटलं, आता कुठं सांगत बसायचं." बुटाची नाडी सोडत ते म्हणाले, "तुझ्या कागदावर गायनाची आवड होती. मी तेहतीस वर्षं वाट बघतोय."



"आणि पाय टेकत नाहीत हे तरी सांगायचं," मी विषय बदलला. "तीन आठवडे?"

"तू वही घेऊन महिनाभर बसली होतीस. ती गादीखाली असते, मला ठाऊक आहे. एवढं कुणी माझ्यासाठी वाचलं नव्हतं गं. कसं सांगणार?"

आम्ही ते माप त्याच दुपारी घेतले. माणसाने भिंतीला पाठ लावून उभे राहायचे, पायांच्या मध्ये जाड पुठ्ठ्याचे पुस्तक वरपर्यंत दाबून धरायचे आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपाशी भिंतीवर खूण करायची, अशी शास्त्रशुद्ध पद्धत आहे. आम्ही शब्दकोश वापरला. दार लावले, पडदा ओढला, आणि तरीही मी खूण करताना डोळे दुसरीकडे ठेवले, त्यामुळे पहिली खूण चुकली. दुसऱ्यांदा हे हसत सुटल्यामुळे कोश घसरला. उंची भरली पाच फूट साडेपाच. "वयानं घटलो असेन," ते म्हणाले, आणि मी तेवढी सूट दिली.

दुकानात आम्ही दोघे मिळून गेलो. मालकाने ह्यांना आपादमस्तक न्याहाळले, मग माझ्याकडे वळला. "काकू, पाच नऊ कोण मग?" ह्यांनी सारे खरे सांगून टाकले, मी तेवढा वेळ साखळीच्या तेलाच्या बाटल्या वाचत होते. मालकाने टायर पाहिले. ते जवळजवळ कोरेच होते. "चालवलेलीच नाय म्हणा की," म्हणत त्याने सायकल बदलून दिली. लहान मापाची त्याच रंगात नव्हती. माझ्या वहीत रंगाला शून्य गुण होते, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती.

ह्यांनी चार दिवस सराव केला, या वेळी खराखुरा, आणि रविवारी उजाडता उजाडता निघून गेले. मी घरात एकटी होते. वाचायला घेतले, पण एका पानावरून डोळे पुढे सरकेनात. पळसदरीचा चढ किती वाजता लागेल याचा हिशेब मी तीन वेळा केला आणि तीन वेगळी उत्तरे काढली. साडेनऊला फाटक वाजले.

"कसं झालं?" मी विचारले.

"शेवटून दुसरा आलो."

"शेवटी कोण?"

"डॉक्टर. त्यांची साखळी पडली होती."

ते ओट्यावर टेकले, बूट काढू लागले. मी पोह्यांची बशी पुढे ठेवली. बशी तशीच राहू देऊन ते रस्त्याकडे पाहत होते आणि हसू दाबत होते.

"फाट्यावर पोचलो," ते म्हणाले, "तर एक माणूस उभा नव्हता. कुणालाही माझ्यासाठी थांबावं लागलं नाही."

मग त्यांनी पोहे खाल्ले, आणि आणखी मागितले.