साडेआठचं कॉलेज

"रडायचं असेल तर ही खुर्ची, भांडायचं असेल तर ती."

आमच्या युनिव्हर्सिटीतल्या विद्यार्थी युनियनच्या वेल्फेअर ऑफिसरचं हे पहिलं वाक्य असायचं. कोणी दार ढकललं की ती लॅपटॉपमधून मान वर न काढता बोटाने दोन खुर्च्या दाखवायची. रडायच्या खुर्चीची पाठ काचेच्या दाराकडे होती, म्हणजे बाहेरून येणाऱ्या-जाणाऱ्याला रडणाऱ्याचं तोंड दिसत नसे. भांडायची खुर्ची बरोबर एसीच्या झोताखाली होती. "तिथे माणूस आपोआप थंड होतो," असं तिने मला पुढे ओळख झाल्यावर सांगितलं.

पहिल्या दिवशी मला कुठली खुर्ची घ्यावी तेच कळेना. मला रडायचं नव्हतं आणि भांडायचं तर मुळीच नव्हतं. मागे सरताना कडेच्या टेबलाचा कोपरा कमरेत घुसला आणि तोंडातून "आई गं" निघून गेलं. तेव्हा तिने पहिल्यांदा मान वर केली.

"मराठी काय गो तू? मग आधीच सांगायचं. बस कुठे पण."

ती मूळची रत्नागिरीकडच्या मुसलमान घरातली, पण जन्मापासून दोह्यात. मराठी तिला आईकडून आणि फोनवरच्या नानीकडून आलेलं. वाचता येत नसे, पण बोलायला लागली की वाटायचं, खाडीकाठी मासे विकणाऱ्या बाईने इंग्रजीतून पदवी घेतली आहे.

युनियन या शब्दाची मला आधी धास्तीच होती. आमच्या गावाकडे युनियन म्हणजे साखर कारखान्याच्या गेटवर माईक, आणि गेटच्या आत गेल्यावर तडजोड. इथे युनियन म्हणजे कपकेक. परीक्षा जवळ आली की कपकेक, कोणाला एकटं वाटलं की कपकेक, पर्यावरणासाठी हिरवे कपकेक. वेल्फेअर ऑफिसरच्या जागेला ती बिनविरोध निवडून आली होती, कारण दुसरं कोणी उभंच राहिलं नव्हतं. ती स्वतःच हे सगळ्यांना सांगायची. "मला कोणी निवडलं नाही, पण मला कोणी नाकारलं पण नाही."

माझी अडचण सांगायची तर अप्पांपासून सुरुवात करावी लागेल. घाबरू नका, थोडक्यात सांगते.

माझे वडील, अप्पा, इथे शाळेची बस चालवतात. मी अंगणवाडीत होते तेव्हा ते कतारला आले. माझी सगळी शाळा गावात झाली आणि त्या सगळ्या वर्षांत ते इथे दुसऱ्यांची पोरं शाळेत सोडत होते. मी बारावी झाल्यावर आई आणि मी इथे आलो, दोह्याच्या अल नस्र भागात दोन खोल्या मिळाल्या, आणि मला स्कॉलरशिपवर प्रवेश मिळाला. आमच्या घरात कॉलेजची पायरी कोणी चढलेलं नव्हतं. प्रवेशाचं कळलं त्या दिवशी अप्पांनी एकच गोष्ट मागितली.

"तुझी शाळा मी बघितली न्हाई. कॉलेजला मात्र मी सोडणार."

ट्रान्सपोर्टच्या साहेबांना विचारून त्यांनी परवानगी काढली. सकाळी मी बसमध्ये बसायचे, त्यांच्या शाळेची सगळी पोरं गोळा व्हायची, शाळेत उतरायची, आणि रिकामी बस यार्डात परतताना वाटेत मला सोडायची.

"साडेआठच्या आत पोचवतो. चालंल ना?" त्यांनी विचारलं.

पहिलं लेक्चर आठला असायचं. मी म्हणाले, "चालेल की अप्पा. साडेआठलाच भरतं."

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय, सांगून टाकायचं. मी रोज सांगणार होते. पण गेटपाशी बस थांबली की ते स्वतः खाली उतरून दाराशी उभे राहायचे, मी आत जाईपर्यंत, आणि विचारायचे, "टायमात आलो ना?" तो चेहरा बघून खरं बोलून दाखवा.

वर्गात मात्र उशिरा येणारा गैरहजर धरला जायचा. सर भले होते, पण हजेरी मशीन घ्यायचं आणि मशीन भलं नव्हतं. रमजान तोंडावर येईपर्यंत माझी गैरहजेरी अशा टोकाला आली, की आणखी थोडी झाली असती तर विषयातून नाव कमी, आणि त्याबरोबर स्कॉलरशिपही. त्या धास्तीने मी ते दार ढकललं होतं.

तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मेट्रोने ये ना. खलास."

मी मान हलवली. हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी बसनेच आले.

मग तिने मोठा उपाय काढला. गाडी असलेल्या मुलींनी गाडी नसलेल्यांना आणायचं, अशी तिची एक योजना होती आणि त्या योजनेला अजून एकही गिऱ्हाईक मिळालेलं नव्हतं. एका सकाळी आमच्या बिल्डिंगखाली एक पांढरी लँड क्रूझर येऊन उभी राहिली. इतकी मोठी, की मागे उभी असलेली अप्पांची बस तिच्यापुढे ओशाळल्यासारखी दिसत होती. आतली मुलगी हसून हात हलवत होती. अप्पांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आपली बस असताना?" एवढंच म्हणाले.

मी त्या मुलीला "सॉरी, पोट बिघडलंय" असं सांगून बसमध्ये चढले. पोट बिघडलेली मुलगी शाळेच्या बसमध्ये कशाला चढते, हे तिने विचारलं नाही. संस्कारी होती.

हे ऑफिसरच्या कानावर गेलं. ती चिडेल असं मला वाटलं होतं, पण दुसऱ्या सकाळी ती गेटबाहेर करक, म्हणजे इथल्या कडक दुधाच्या चहाच्या, टपरीला टेकून उभी दिसली. रमजान उद्या-परवावर आला होता, म्हणून शेवटचा सकाळचा चहा पिऊन घेतेय असं तिने सांगितलं. तिने बघितलं ते एवढंच: एक मोठी पिवळी बस, सगळी सीटं रिकामी, पुढे एक मुलगी. ड्रायव्हर उतरला, मुलीच्या पाठीवरच्या बॅगेची चेन ओढून बंद केली आणि ती आत जाईपर्यंत उभा राहिला.

दुपारी तिने मला बोलावून घेतलं. मी आपणहून रडायच्या खुर्चीत बसले.

"मेट्रो खलास," ती म्हणाली. "तुझे अप्पा काय हलायचे नाहीत. तू पण हलायची नाहीस, मी ओळखलंय तुला. मग आता लेक्चरच हलवू."

"लेक्चर कसं हलवणार, ताई?"

"तू त्यांना साडेआठ सांगितलंस ना? मग साडेआठ करून टाकू. खोटं बोललीस ते बोललीस, आता ते खरं करायला नको?"

मला ही थट्टा वाटली. तुम्हालाही वाटली असती.

रमजानमध्ये इथे सगळ्यांच्याच वेळा पुढे सरकतात. शाळा अर्धा तास उशिरा, ऑफिसं उशिरा, आमचं पहिलं लेक्चर तर थेट नऊला. त्या महिन्यात मी एकदाही गैरहजर नव्हते. पण ईद झाली की पुन्हा आठ, आणि मग माझं गणित संपणार. तिचं म्हणणं असं, की नवीन काही मागितलं तर कमिटी बसते, आणि कमिटी एकदा बसली की उठत नाही. पण चालू असलेलं थोडं चालू ठेवा म्हटलं, तर लोकांना काहीच करावं लागत नाही. "आणि काहीच न करण्यात आपले लोक किती पक्के, बघ तू."

"पण कारण काय सांगणार?" मी विचारलं. अप्पांचं नाव कुठे येऊ नये, ही मला खरी भीती होती.

"झोप," ती म्हणाली.

"झोप?"

"बसचं सांगितलं तर ती एका पोरीची अडचण होते. तुला मेट्रोचं कार्ड देतील आणि फोटो काढतील. झोप म्हटलं की ते वेलबीइंग. वेलबीइंगला कोण नाही म्हणतो?"

अशी ती झोपेची चळवळ सुरू झाली. उपाशी पोटी ती प्रत्येक वर्गात जाऊन तरुणांच्या झोपेवर भाषण द्यायची. तिने युनियनकडून छोट्या निळ्या उशा छापून घेतल्या, त्यांवर इंग्रजीत लिहिलेलं: झोप हा हक्क आहे. ज्या पोरांनी आजवर युनियनचा कपकेक सोडून कशात रस घेतला नव्हता, ती पोरं उशीसाठी रांगेत उभी राहिली. सीनियर मुलं तिला 'पिलो मिनिस्टर' म्हणू लागली. एका सरांनी तिला कॉरिडॉरमध्ये थांबवून सुनावलं, की आमच्या वेळी विद्यार्थी मोठ्या गोष्टींसाठी भांडायचे. ती म्हणाली, "सर, मोठ्या गोष्टी झोप झाल्यावर."

चळवळीचा कळस म्हणजे मुख्य हॉलमध्ये चटया टाकून सगळ्यांनी दुपारी आडवं व्हायचं आणि डीनसाहेबांनी येऊन बघायचं. मलाही आडवं व्हायला लावलं. आमच्याकडे दिवसाउजेडी झोपणं हे आजारपणात किंवा बाळंतपणात. माझ्या आईने मला त्या हॉलमध्ये चारचौघांत आडवं झालेलं बघितलं असतं तर तिने गावाकडचं तिकीट काढलं असतं. मी डोळे मिटून लाजेने ताठ पडून होते. पण पहाटे उठून बसमध्ये बसणारी मी, उशी मऊ होती, एसी गार होता. मला खरोखर झोप लागली.

पुढचं मला मैत्रिणींनी सांगितलं. डीनसाहेब आले तेव्हा बाकीचे सगळे नाटक संपवून उठून बसले होते. मी एकटी घोरत होते. कोणीतरी मला हलवायला पुढे झालं तर ऑफिसरने हात आडवा केला.

"उठवू नका तिला. ती पुरावा आहे."

ईदच्या सुट्टीनंतर मेल आली. सगळ्या वर्गांचं पहिलं लेक्चर, विद्यार्थ्यांच्या आरोग्याचा विचार करून, प्रायोगिक तत्त्वावर साडेआठला. मी मेल पुन्हा पुन्हा वाचली आणि तिच्याकडे धावले. ती काहीतरी टाइप करत होती. मी रडायच्या खुर्चीत बसले आणि रडले. तिने टिश्यूचा डबा सरकवला आणि म्हणाली, "आता तरी टायमावर ये गो."

मी वेळेवर येऊ लागले. विषय सुटला नाही, स्कॉलरशिप राहिली. तिची मात्र ख्याती झाली ती आळशी पोरांची पुढारी म्हणून. खरं कारण तिने कोणाला सांगितलं नाही. युनियनमधल्या तिच्या जवळच्या मैत्रिणींनाही नाही. मी एकदा म्हणाले, "ताई, लोक तुम्हाला हसतात, मला बरं वाटत नाही." तर म्हणाली, "हसू दे. हसणारे तक्रार घेऊन येत नाहीत, माझं काम कमी."

सेमिस्टरच्या शेवटी एकदा अप्पा दुपारी मला न्यायला आले, शाळा लवकर सुटली होती म्हणून. ती माझ्याबरोबर गेटपाशी होती. मी ओळख करून दिली. अप्पांनी माझ्या हातातली निळी उशी बघितली, त्यावर काय लिहिलंय ते विचारलं, आणि मी सांगितलं.

"ही चळवळ तुम्ही केली व्हय?" त्यांनी तिला विचारलं.

"हो काका."

"साडेआठला कॉलेज भरतं तुमचं. ह्याच्यावर अजून किती झोपायचं, बाई?"

मी जमिनीकडे बघत होते. आणखी पाच सेकंद तशीच उभी राहिले असते तर सगळं सांगून टाकलं असतं. पण तिने माझ्या मनगटाला हळूच चिमटा काढला.

"सवयच वाईट माझी, काका," ती म्हणाली. "तुमच्यासारखं कोणी रोज टायमावर सोडणारं नव्हतं ना."

अप्पा विरघळले. लवकर उठण्याचे फायदे या विषयावर त्यांनी तिला उन्हात उभं करून बरंच सांगितलं. ती प्रत्येक वाक्याला मान डोलवत होती. मग म्हणाली, "काका, मला मेट्रोपर्यंत सोडाल?" अप्पांनी दार उघडलं. पहिल्या रांगेतल्या लहान मुलांच्या सीटवर ती गुडघे पोटाशी घेऊन बसली, आणि मेट्रो स्टेशन येईपर्यंत अप्पांचं ऐकत राहिली. उतरताना तिने उशी माझ्याकडून घेतली आणि ड्रायव्हरच्या सीटवर ठेवली. "पाठीला लावा काका. दिवसभर बसून दुखत असणार."

त्या उन्हाळ्यात ती पदवी घेऊन गेली. मस्कतला नोकरी लागली असं ऐकलं. नवे वेल्फेअर ऑफिसर निवडणूक लढवून आले. आता भेटायचं तर आधी अपॉइंटमेंट घ्यावी लागते. त्या खोलीत दोन खुर्च्यांच्या जागी रंगीत बीन बॅग आल्या आहेत, त्यांवर धड रडता येत नाही आणि भांडता तर मुळीच येत नाही.

लेक्चर अजून साडेआठलाच भरतं. प्रायोगिक तत्त्व कोणी काढून घेतलं नाही. तिचं बरोबर होतं, काहीच न करण्यात लोक पक्के असतात.

आज सकाळी गेटपाशी बस थांबली तेव्हा साडेआठला अजून वेळ होता. अप्पा म्हणाले, "ती झोपाळू पोरगी दिसत न्हाई हल्ली."

"गेली ती, अप्पा. नोकरीला."

"टिकंल का तिथं? सकाळी उठायचं कसं करील?" ते खरोखर काळजीत पडले होते. मग पाठीमागची निळी उशी त्यांनी हाताने जरा वर ओढली, नीट टेकले, आणि विचारलं, "टायमात आलो ना?"

"हो अप्पा," मी म्हणाले.